घरगाडीबरोबर काय न्यावं : स्कूटर, की मागे ओढलेली मोटार?



आपल्या भागातल्या काही गटांनी शेतावर पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. चुलीवरची भाकरी, हुरडा, झाडाखाली बाज अशी तयारी होत आली, की बैठकीत पुढचे प्रश्न निघतात. त्यातला एक प्रश्न आज घेऊ. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं. कॅराव्हॅन म्हणजे जिच्यात झोपायला, रांधायला आणि न्हाणीला जागा असते अशी गाडी. आज आपण तिला सरळ घरगाडी म्हणू. असे गाडीतच राहणारे पाहुणे आपल्या आवारात उतरले, तर ते देवळाला, बाजाराला, धरणावर जाणार कशाने? ती अवजड गाडी दरवेळी हलवणार का? आणि नसेल हलवायची, तर छोट्या गाडीची सोय कोणी करायची?

आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे, पण अमेरिकेत आणि युरोपात तो पन्नास-साठ वर्षं जुना आहे. तिथे निवृत्त झालेली जोडपी महिनोन् महिने घरगाडीतून फिरतात आणि निघण्याआधी त्यांच्यात एक वाद ठरलेला असतो. घरगाडीच्या पाठीवर स्कूटर लादून न्यायची, की मागे एक मोटारच ओढत न्यायची? हा वाद ते कसा सोडवतात ते समजून घेऊ. कारण त्यातला हिशेब वजनाचा, पैशाचा आणि जिवाचा आहे, आणि तो आपल्यालाही लागू पडतो.

मोठी गाडी मुक्कामाला अडकते

आधी छोटी गाडी लागतेच कशाला, ते बघू. अमेरिकेतली मोठी घरगाडी २५ फुटांपासून ४५ फुटांपर्यंत लांब असते. म्हणजे आपल्या एसटीएवढी, कधी तिच्याहूनही लांब. मुक्कामाच्या तळावर पोचल्यावर ती नुसती उभी करून चालत नाही. जमीन चढ-उताराची असेल तर गाडी समपातळीत आणावी लागते, नाहीतर झोपल्यावर डोक्याकडे रक्त उतरतं. विजेची वायर जोडायची, पाण्याची नळी जोडायची, सांडपाण्याचा पाइप जोडायचा, बाहेर सरकणारी भिंत असेल तर ती सरकवायची. हे सगळं झाल्यावर लक्षात आलं की दूध आणायचं राहिलं, तर काय करायचं? सगळं पुन्हा उकलायचं आणि एसटीएवढी गाडी घेऊन दुकानाच्या दारात जायचं.

त्यात इंधन. मोठी घरगाडी लिटरला अडीच ते चार किलोमीटर जाते. तीन धरू. दुकान १५ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ३० किलोमीटर, म्हणजे १० लिटर इंधन. तेच अंतर छोटी मोटार दोन-अडीच लिटरमध्ये कापते आणि स्कूटर एका लिटरच्या आत.

शिवाय काही रस्त्यांवर मोठ्या गाडीला मज्जावच असतो. अमेरिकेत मोंटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे डोंगर ओलांडून जाणारा एक प्रसिद्ध रस्ता आहे, 'गोइंग-टू-द-सन रोड'. त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला परवानगी नाही. म्हणजे घरगाडी पायथ्याशी ठेवायची आणि वर जायला दुसरं काहीतरी हवंच.

मोटार ओढत न्यायची तर

आता पहिली वाट. घरगाडीच्या मागे मोटार जोडायची. अमेरिकेत या मागच्या मोटारीला गमतीनं 'टोड' म्हणतात. टोड म्हणजे अंगावर चामखिळी असलेला बेडूक. इंग्रजीत 'ओढलेली' आणि हा बेडूक यांचा उच्चार सारखाच होतो, म्हणून ते नाव पडलं.

मोटार नेण्याचे प्रकार तीन. पहिला, चारही चाकं रस्त्यावर ठेवून लोखंडी दांड्यानं मोटार मागे जोडणं. दुसरा, पुढची दोन चाकं एका छोट्या दोनचाकी गाड्यावर चढवणं आणि मागची दोन रस्त्यावर ठेवणं. तिसरा, अख्खी मोटार ट्रेलरवर चढवणं, आपल्याकडे ट्रॉलीत म्हैस चढवतात तशी.

पहिला प्रकार सगळ्यांत सोयीचा वाटतो, कारण मुक्कामावर मोटार सोडायची आणि निघायचं. रिकामा गाडा किंवा ट्रेलर ठेवायला जागा शोधावी लागत नाही. पण प्रत्येक मोटार अशी ओढता येत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींत गिअरपेटीला तेल पोचवणारा पंप इंजिन चालू असतानाच फिरतो. इंजिन बंद ठेवून मोटार शेकडो किलोमीटर ओढली, तर चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर आतले भाग फिरतात, पण तेल पोचत नाही. घाण्यात तेल न घालता रवी फिरवावी तसं होतं आणि गिअरपेटी जळते. म्हणून मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ही मोटार चारही चाकांवर ओढता येते असं कंपनीनं लिहिलेलं असेल, तरच ओढायची. विकणारा काय म्हणतो त्यावर जायचं नाही. जीप रँग्लर ही गाडी तिथे याच कारणानं लोकप्रिय आहे. तिच्यात चाकं आणि गिअरपेटी यांचा संबंध पूर्ण तोडणारी सोय आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. लहान मोटार म्हटली तरी तिचं वजन १,००० ते १,५०० किलो. घरगाडी घाट उतरत असेल आणि चालकानं ब्रेक दाबला, तर घरगाडी थांबते, पण मागचे हजार-दीड हजार किलो थांबत नाहीत. ते पुढे ढकलत राहतात. म्हणून मागच्या मोटारीतही आपोआप लागणारा ब्रेक बसवावा लागतो. दांडा तुटून मोटार सुटली, तर तिचा ब्रेक स्वतःहून लागेल अशी वेगळी योजना असते. जोडीला साखळ्या असतात, आणि पुढच्या गाडीचे दिवे लागले की मागच्या मोटारीचेही लागावेत म्हणून वायर असते. दांडा, मोटारीच्या सांगाड्याला बसवायची पट्टी, ब्रेक, दिवे, हे सगळं धरून खर्च काही हजार डॉलरांत जातो, मोटारीची किंमत वेगळीच.

तिसरी गोष्ट मागे घेण्याची. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो चुकून बोळात शिरला, तर त्याला मागे घेता येतं का? नाही. ट्रॉल्या सोडाव्याच लागतात. दांड्यानं जोडलेल्या मोटारीचं तसंच आहे. मागे घ्यायला गेलं, की तिची पुढची चाकं आडवी फिरतात आणि दांडा वाकतो. त्यामुळे अशा चालकाला पेट्रोल पंपावर शिरतानाही आधी बघावं लागतं, की बाहेर निघायची वाट सरळ पुढे आहे ना.

लांबीवरही बंधन आहे. कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही गाड्या मिळून साधारणपणे ६५ फुटांच्या आत असाव्या लागतात. ४५ फुटी घरगाडी आणि तिच्यामागे १५ फुटी मोटार, मध्ये दांडा. हिशेब काठावर येतो.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मागच्या मोटारीचं चाक पंक्चर झालं, तर मोठ्या गाडीच्या चालकाला ते कळतही नाही. टायरच्या चिंध्या होऊन धूर निघाल्यावर कळतं. म्हणून जाणकार लोक टायरमधली हवा चालकापुढे दाखवणारं यंत्र बसवतात आणि दर थांब्याला उतरून चाकाला हात लावून बघतात.

स्कूटर न्यायची तर

दुसरी वाट स्कूटरची. घरगाडीच्या पाठीमागे लोखंडी फळी बसवतात आणि तिच्यावर स्कूटर आडवी उभी करून पट्ट्यांनी आवळतात. युरोपातल्या काही घरगाड्यांत मागे मोठं कपाट असतं. त्याला तिथे 'गॅरेज' म्हणतात आणि स्कूटर त्यातच उभी राहते.

स्कूटरचे फायदे उघड आहेत. खर्च कमी, फळी काहीशे डॉलरांत येते. घरगाडी मागे घेता येते. जुन्या गावांच्या अरुंद गल्ल्यांत स्कूटर शिरते, ती उभी करायला जागा मिळते. इटली, फ्रान्स, स्पेन इथल्या गावांत तर मोटारीपेक्षा स्कूटरच बरी पडते.

तोटेही उघड आहेत. दोन माणसं आणि एक पिशवी, एवढीच तिची धाव. पाऊस, थंडी, बर्फ आला की ती उभीच राहते. मोठ्या हमरस्त्यावर छोट्या इंजिनाच्या स्कूटरला परवानगी नसते. चालवायला दुचाकीचा परवाना लागतो आणि पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदा दुचाकी शिकणं सगळ्यांना जमत नाही.

पण स्कूटरचा खरा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. तो वजनाचा आहे.

काटा काय सांगतो

आपल्याकडची ११० सीसीची स्कूटर साधारण १०५ ते ११० किलोची असते. मोठ्या इंजिनाची स्कूटर दीडशेच्याही पुढे जाते. बसायला हलकी वाटते, पण लादायची म्हटलं की एक क्विंटलाहून जास्त माल आहे तो.

युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर भरलेल्या वजनासह ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवायची, हा वर्षानुवर्षांचा नियम. त्यामुळे तिथल्या बहुसंख्य घरगाड्या बरोब्बर ३,५०० किलोच्या मर्यादेत बांधलेल्या असतात. एक उदाहरण मांडू. रिकामी घरगाडी २,९५० किलो धरा. उरले ५५० किलो. नवरा-बायको मिळून १५०, उरले ४००. टाकीत १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलो, उरले ३००. गॅसच्या दोन टाक्या ४५, उरले २५५. भांडी, धान्य, कपडे, अंथरुणं १२०, उरले १३५. खुर्च्या, टेबल, हत्यारं, ताडपत्री ५०, उरले ८५. आता ११० किलोची स्कूटर आणि ३० किलोची फळी, मिळून १४०. म्हणजे गाडी ५५ किलोनं मर्यादेबाहेर गेली. संसार तर अगदी बेताचाच धरला होता.

यावर कोणी म्हणेल, ५५ किलोनं काय होतंय? दंड होतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्याहून मोठं कारण पुढे आहे.

बैलगाडी उलाळ भरली की काय होतं, हे ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना सांगायला नको. माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. घरगाडीचं तसंच होतं. मागच्या चाकांच्याही मागे जे वजन लटकतं, ते मागच्या चाकांवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढची चाकं हलकी करतं.

हिशेब करून बघू. पुढच्या आणि मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे आणि स्कूटर मागच्या चाकांच्या २ मीटर मागे आहे. स्कूटर, फळी आणि तिच्यावर बांधलेलं सामान मिळून १५० किलो. पुढच्या चाकांपासून स्कूटर ६ मीटरवर आली. १५० ला ६ नं गुणायचं आणि ४ नं भागायचं. उत्तर २२५. म्हणजे दीडशे किलोच्या ओझ्यानं मागच्या चाकांवर सव्वादोनशे किलो वाढले. वरचे ७५ किलो आले कुठून? पुढच्या चाकांवरून. तिथला भार ७५ किलोनं घटला.

आता युरोपातल्या पुष्कळ घरगाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना असते. वळवणारी चाकंही तीच. ती हलकी झाली, की ओल्या गवतावर चाक जागच्या जागी फिरतं, चढावर घसरतं, आणि वळणावर सुकाणू ऐकत नाही. मागचे टायर दुसरीकडे जास्तीच्या भारानं तापतात.

म्हणून तिथले जाणते लोक एकच सल्ला देतात. घरगाडी सगळं सामान भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या. पूर्ण वजन घ्या, आणि पुढच्या व मागच्या चाकांचं वेगवेगळंही घ्या. काट्याची पावती हातात आल्यावरच स्कूटरचा विचार करा.

अमेरिकेत मोठ्या घरगाड्यांना ही अडचण कमी येते. त्यांची ओढण्याची ताकद जास्त असते. तिथे पेट्रोलवरच्या मोठ्या घरगाडीला साधारण २,२०० ते २,३०० किलोपर्यंत ओढण्याची मुभा असते, डिझेलवरच्या गाडीला अनेकदा त्याच्या दुप्पट. चाकांवर ओढलेल्या मोटारीचं वजन तिच्याच चाकांवर राहतं, ते घरगाडीच्या पाठीवर बसत नाही. म्हणून अमेरिकेत मागे मोटार दिसते आणि युरोपात पाठीवर स्कूटर. युरोपात कायद्याचंही कारण आहे. ब्रिटनमध्ये दांड्यानं ओढलेली मोटार ट्रेलर धरली जाते आणि ७५० किलोंच्या वर असेल तर तिला चालू ब्रेक असावेच लागतात. स्पेनमध्ये तर अशी मोटार ओढून फिरण्याला मनाईच आहे. एका देशात चाललेली गोष्ट सीमा ओलांडली की गुन्हा ठरते.

मग निवड कशी करायची

अमेरिकेतली काही वयस्कर जोडपी थंडीच्या दिवसांत उत्तरेतून ॲरिझोनासारख्या उबदार राज्यात येतात आणि चार-पाच महिने एकाच ठिकाणी राहतात. त्यांना आठवड्याचा बाजार, दवाखाना, औषधं, मित्रमंडळी असं सगळं लागतं. त्यांनी मोटार ओढत आणणं शहाणपणाचं. दोनदाच जोडायची-सोडायची आणि मध्ये महिनोन् महिने वापरायची.

युरोपात पंधरा दिवसांच्या सुट्टीवर निघालेलं, रोज नव्या गावी मुक्काम करणारं जोडपं रोज मोटार जोडत-सोडत बसलं, तर सुट्टी त्यातच जाईल. वजन बसत असेल तर त्यांना स्कूटर बरी. दोन मुलं असलेल्या कुटुंबाला स्कूटर कामाचीच नाही.

इथे एक प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुतेक वेळा बायकांनाच विचारावा लागतो. ही छोटी गाडी चालवणार कोण? पुष्कळ घरांत मोठी घरगाडी नवराच चालवतो. त्याला रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, तळ गावापासून ४० किलोमीटरवर आहे, रुग्णवाहिका यायला वेळ आहे, अशा वेळी बायकोच्या हातात काय आहे? एसटीएवढी गाडी ती त्या क्षणी उकलून, जोडण्या काढून चालवू शकेल का? स्कूटरच्या मागच्या सीटवर आजारी माणूस धरून बसेल का? मोटार असेल आणि तिला ती चालवता येत असेल, तर निदान एक मार्ग उघडा राहतो. खर्चाच्या वहीत हा रकाना नसतो. पण निवड करताना तो आधी भरावा. आणि जी गाडी घ्याल ती चालवण्याचा परवाना दोघांच्याही नावे असावा.

ज्यांना दोन्ही झेपत नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाटही आहे. विजेवरच्या सायकली २०-२५ किलोंच्या असतात. पोचल्यावर एक-दोन दिवस मोटार भाड्यानं घेता येते. काही उद्यानांत सरकारी बस असते. युटा राज्यातल्या झायन उद्यानात मोसमात खाजगी गाड्या मुख्य दरीत नेऊच देत नाहीत, सगळ्यांनी बसनंच जायचं. अशा ठिकाणी ना स्कूटर कामाची, ना मोटार. आपल्यातल्या काहींची लेकरं अमेरिकेत आहेत आणि आई-वडील गेले की ती भाड्याची घरगाडी घेऊन त्यांना फिरवतात. त्यांनी लक्षात ठेवावं, की भाड्याच्या घरगाडीमागे मोटार जोडायला करारात बहुधा मनाई असते. करार आधी वाचावा आणि तळ बसच्या थांब्याजवळचा निवडावा.

आपल्या आवारात पाहुणा आला तर

आता आपल्याकडे येऊ. आपल्या रस्ता नियमांप्रमाणे बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढता येते आणि नोंदणी केलेला ट्रेलर ओढता येतो. पण चांगली चालती मोटार सहलीसाठी दांड्यानं जोडून हिंडण्याची मुभा नाही. म्हणजे अमेरिकेची पहिली वाट इथे बंद आहे. घरगाडीच्या पाठीला फळी ठोकून स्कूटर न्यायची, तर गाडीत बदल केला म्हणून आरटीओची मंजुरी लागते. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. आणि उलाळ होण्याचा हिशेब इथेही तोच. आपल्या घाटांत तर जास्तच.

म्हणजे आपल्याकडे येणारा घरगाडीचा पाहुणा बहुधा छोट्या गाडीशिवायच येणार. त्याला ती गरज पडणार, आणि गटाला काम मिळण्याची जागा इथेच आहे. पण एक सावधगिरी. कोणाची तरी पांढऱ्या नंबर प्लेटची घरची स्कूटर 'दिवसाला इतके पैसे' म्हणून पाहुण्याच्या हातात द्यायची नाही. खाजगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे. पाहुणा पडला, कोणाला धडकला, तर विमा कंपनी पैसे नाकारते आणि भरपाई ज्या बाईच्या नावावर गाडी आहे तिच्या अंगावर येते. चारशे-पाचशे रुपयांसाठी घरावर कर्ज होईल. स्कूटर भाड्यानं द्यायचा धंदा करायचाच असेल, तर त्याचा रीतसर परवाना असतो. आरटीओत चौकशी करून, परवाना काढूनच करावा.

त्याआधी सोपं आणि बिनधोक काम हे. गावातले परवानाधारक रिक्षावाले आणि जीपवाले यांच्याशी बोलून ठरलेल्या ठिकाणांचे ठरलेले दर लिहून घ्या आणि तो कागद पाहुण्यांच्या जागी लावा. एसटीच्या वेळा लिहा. जवळचा दवाखाना आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर मोठ्या अक्षरात लिहा. भाजी, दूध, पिठलं-भाकरी जागेवर पोचवा. पाहुण्याला गाडी हलवायची गरज जितकी कमी, तितका तो जास्त दिवस राहतो. आणि तो यायच्या आधी फोनवर त्याच्या गाडीची लांबी, उंची आणि वजन विचारा. ओढ्यावरचा मोरीपूल, वाटेवर लोंबणारी विजेची तार, पावसाळ्यातली काळी माती, हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. गाडी आमच्या रस्त्यानं येणार नाही, हे आधी सांगितलेलं बरं. रुतल्यावर ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

हाच हिशेब गटाच्या मालालाही लावून बघा. पापड-मसाल्याचे खोके स्कूटरच्या मागे उंचच उंच बांधून बाजाराला जाणारी आपली मैत्रीण उलाळ गाडीच चालवत असते. पुढचं चाक हलकं झालं की वळणावर हॅन्डल ऐकत नाही. जड माल पाय ठेवायच्या फळीजवळ, खाली बांधावा, हलका मागे, आणि एका खेपेचं काम दोन खेपांत करावं. गटासाठी टेम्पो घ्यायचा की स्कूटर, असा प्रश्न आला, तर आधी महिनाभर वहीत लिहा. रोज किती किलो माल, किती लांब, किती जणी, पावसाळ्यात काय, चालवणार कोण. महिना संपला की वही बघून ठरवा.

आजच्या भागात एवढंच. खालचे प्रश्न गटाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि त्यावर बोला. पुढच्या भागात पाहुण्यांच्या सांडपाण्याची सोय कशी करायची, ते बघू. नमस्कार.

गटात बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात येणाऱ्या रस्त्यावर सगळ्यांत अरुंद जागा कोणती आणि सगळ्यांत खाली लोंबणारी तार कुठे आहे? ती कोणी मोजली आहे का?

२. गटातल्या किती जणींकडे गाडी चालवण्याचा परवाना आहे? ज्यांच्याकडे नाही, त्यांनी काढायला काय अडचण आहे?

३. जवळचा वजनकाटा कुठे आहे? मालाने भरलेली आपली गाडी एकदा तरी तिथे नेली आहे का?

४. पाहुण्याला गावात फिरवण्यासाठी कोणाच्या गाडीला भाड्याचा परवाना आहे? त्यांचे दर गटाने लिहून घेतले आहेत का?